चेहऱ्याचे मूळ शोधणाऱ्या ज्युलिया प्लॅट

(द्वितीय वर्ष, कला)

आरशात आपण रोज आपला चेहरा पाहतो. नाक, जबडा, हनुवटी, दात ही सारी मंडळी कोठून आली, असा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही. नाक आजोबांवर गेले, हनुवटी आत्यावर गेली, एवढ्यावर घरातली चर्चा संपते. पण गर्भ अवघा तीन-चार आठवड्यांचा असतो, त्याला अजून चेहरा म्हणावा असे काही आलेले नसते, तेव्हा मेंदूच्या माथ्यावरून काही पेशी सुटतात, वाट काढत खाली आणि पुढे येतात, आणि त्यांच्यापासून जबड्याची व गालांची हाडे, दातांचा मोठा भाग अशी चेहऱ्याची बरीचशी घडण होते. आज हे पाठ्यपुस्तकांत छापलेले असते. परंतु १८९३ मध्ये एका अमेरिकन बाईंनी हे प्रथम स्वच्छपणे मांडले, तेव्हा मोठमोठ्या पंडितांनी ते झिडकारले. त्या बाईंचे नाव ज्युलिया बार्लो प्लॅट. माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थिनीने भ्रूणशास्त्राच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. पण प्लॅटबाईंचे चरित्र हे केवळ भ्रूणाचे शास्त्र नव्हे. शिकलेल्या माणसाला त्याच्या शिक्षणाजोगे काम मिळाले नाही तर त्याने काय करावे, हा प्रश्न त्यात आहे, आणि तो सर्व शाखांचा प्रश्न आहे.

ज्युलिया प्लॅट ह्यांचा जन्म १४ सप्टेंबर १८५७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. जन्मानंतर लवकरच वडिलांचे छत्र हरपले. आई लेकीला घेऊन अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन ह्या गावी आली. तेथेच ज्युलिया लहानाची मोठी झाली. गावात व्हरमाँट विद्यापीठ होते आणि त्याने १८७१ पासून मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. दार नुकतेच उघडले होते. ज्युलिया त्या दारातून आत गेली आणि १८८२ मध्ये पदवीधर होऊन बाहेर पडली. ह्यात नशिबाचाही भाग होता. ती दहा-पंधरा वर्षे आधी जन्मली असती, तर बहुधा हे चरित्र लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

१८८७ मध्ये त्या पुढील अभ्यासासाठी हार्वर्डला गेल्या. हार्वर्ड म्हणजे अमेरिकेतील सर्वांत जुने विद्यापीठ. तेथे स्त्रियांना थेट प्रवेश नव्हता. १८७९ पासून एक वेगळी सोय मात्र केलेली होती. तिला सगळे ॲनेक्स म्हणत, म्हणजे मूळ इमारतीला जोडलेली पडवी म्हणा ना! तेथे हार्वर्डचेच प्राध्यापक येऊन स्त्रियांना शिकवीत, पण हार्वर्डची पदवी त्यांना मिळत नसे. ह्या ॲनेक्सचे पुढे रॅडक्लिफ कॉलेज झाले, आणि त्या कॉलेजच्या विद्यार्थिनींच्या हाती हार्वर्डची पदवी पडायला १९६३ साल उजाडावे लागले. अशा पडवीत बसून प्लॅटबाईंनी हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात संशोधनाला हात घातला. कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणाच्या शरीराचे खंड कसे पडत जातात, ह्यावरचा त्यांचा पहिला निबंध १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे म्हणजे एक अखंड भ्रमंती आहे. समुद्रकाठचे वुड्स होलचे जीवशास्त्र केंद्र, क्लार्क विद्यापीठ, शिकागो विद्यापीठ, जर्मनीतील फ्रायबुर्ग आणि म्युनिक, इटलीतील नेपल्सचे प्राणिशास्त्र केंद्र. जेथे सूक्ष्मदर्शक आणि बसायला टेबल मिळेल तेथे त्या गेल्या. हौसेने केलेला हा प्रवास नव्हता. एका ठिकाणी स्थिर होण्यासाठी जी जागा लागते, ती स्त्रीला कोणी देत नव्हते. म्हणून पाहुण्यासारखे जायचे, काम करायचे, निबंध लिहायचा आणि पुढच्या गावाची वाट धरायची. ह्याच काळात, १८९१ मध्ये, त्यांनी एका छोट्या शार्क माशाच्या भ्रूणाच्या डोक्यात सर्वांत पुढे असलेल्या एका पोकळीचे वर्णन केले. ती पोकळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता त्यांच्या मुख्य शोधाकडे वळू. त्यासाठी भ्रूणाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. अंड्यातील एका पेशीपासून अनेक पेशी होतात आणि लवकरच त्यांचे तीन थर बनतात. बाहेरचा तो बाह्यस्तर, आतला तो अंतःस्तर आणि ह्या दोहोंमधला तो मध्यस्तर. एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी ह्या तीन थरांची जणू वाटणीच करून टाकली होती. बाह्यस्तराने त्वचा आणि मज्जासंस्था द्यायची, अंतःस्तराने आतड्यांचे अस्तर द्यायचे, आणि हाडे, कूर्चा, स्नायू, रक्त हे सारे मध्यस्तराने द्यायचे. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात किंवा नाकाच्या शेंड्यात बोटाने वाकवता येते ते लवचीक हाडासारखे द्रव्य. ही वाटणी बहुतेक ठिकाणी खरी ठरे, म्हणून ती सर्वत्र खरी असलीच पाहिजे असा समज पक्का झाला. निरीक्षणातून निघालेल्या नियमाचे हळूहळू शास्त्रवचन होऊन बसले.

बाह्यस्तराच्या मध्यावर एक पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींजवळ येतात आणि शिवणीसारख्या जुळतात. मग त्या पट्ट्याची नळी होते. हीच मज्जानलिका, तिचाच पुढे मेंदू व मज्जारज्जू होतो. ह्या शिवणीच्या जागी, नळी आणि वरची त्वचा ह्यांच्या मध्ये, पेशींची एक बारीक पट्टी उरते. विल्हेल्म हिस ह्या शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ती पट्टी प्रथम पाहिली आणि पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठी तिच्यापासून होतात असे सांगितले. पुढे इंग्रजीत तिला न्यूरल क्रेस्ट हे नाव पडले. डोंगराच्या माथ्यावरची धार असावी तशी ही पट्टी नळीच्या माथ्यावर असते, म्हणून आपण तिला मज्जाशिखा म्हणू. तिच्यापासून मज्जातंतू होतात हे मानायला कोणाची हरकत नव्हती, कारण बाह्यस्तराने मज्जासंस्था द्यावी हे वाटणीला धरूनच होते.

प्लॅटबाईंनी अभ्यासासाठी निवडला तो नेक्ट्युरस नावाचा प्राणी. हा उत्तर अमेरिकेतील नद्या-तळ्यांत राहणारा सॅलॅमँडर. पालीसारखा आकार, पण आयुष्यभर पाण्यातच राहणारा आणि डोक्याच्या बाजूंना पिसांसारखे तांबडे कल्ले बाळगणारा. ह्याच्या भ्रूणातील पेशी चांगल्या मोठ्या असतात आणि प्रत्येक पेशीत पीतकाचे, म्हणजे बलकाचे, कण असतात. इतरांना ते कण म्हणजे निरीक्षणातला अडथळा वाटले असते. प्लॅटबाईंनी त्यांनाच खूण मानले. बाह्यस्तरातील पेशींत हे कण बारीक असतात आणि आतल्या थरांतून आलेल्या पेशींत मोठे, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे जत्रेत दोन गावांची माणसे मिसळली तरी पागोट्यावरून कोण कुठला ते ओळखू यावे, तसे झाले. पेशी कितीही दूर गेली तरी तिच्या पोटातील कणांवरून तिचे मूळ सांगता येऊ लागले.

मग त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या भ्रूणांचे पातळ काप काढले आणि एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बारीक कणांच्या पेशी डोक्याच्या वरच्या बाजूकडून निघून खाली उतरताना दिसल्या, कल्ल्यांच्या कमानींत शिरताना दिसल्या, आणि अखेर नेमक्या जबड्याच्या व कल्ल्यांच्या कूर्चेच्या जागी गोळा झालेल्या दिसल्या. एवढेच नव्हे, तर दाताच्या आतील डेंटिन ह्या कठीण द्रव्याचे मूळही बाह्यस्तरातच आहे, असे त्यांना आढळले. १८९३ मध्ये जर्मनीतून निघणाऱ्या शरीररचनाशास्त्राच्या नियतकालिकात त्यांनी हे जाहीर केले. डोक्यातील कूर्चा बाह्यस्तरापासून होते, असे निबंधाचे शीर्षकच सांगत होते. आडपडदा नव्हताच. बाह्यस्तरातून येऊन मध्यस्तरासारखे काम करणाऱ्या ह्या पेशींना त्यांनी मेसेक्टोडर्म असे नवे नावही दिले. पुढे १८९४ आणि १८९७ मध्ये त्यांनी हेच विस्ताराने, भरपूर आकृत्यांसह मांडले.

ह्यावर मोठे वादळ उठले. कूर्चा बाह्यस्तरापासून होत असेल तर तीन थरांची सारी वाटणीच मोडते! तो नियम त्या काळच्या भ्रूणशास्त्राचा पाया होता. प्राण्यांची नाती ठरवताना, कोणता अवयव कोणाच्या कोणत्या अवयवाशी जुळतो हे पाहताना, त्याच नियमाचा आधार घेतला जाई. त्यामुळे अनुभवी आणि नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी प्लॅटबाईंचे निष्कर्ष अमान्य केले. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरे, पण विरोधकांच्या एका मुद्द्यात तथ्य होते, हेही नमूद केले पाहिजे. काप हे मेलेल्या भ्रूणाचे असतात. एका कापात पेशी येथे आणि मोठ्या भ्रूणाच्या कापात तेथे, एवढ्यावरून तीच पेशी येथून तेथे गेली असे शपथेवर सांगता येत नाही. चालती पेशी प्रत्यक्ष कोणी पाहिली नव्हती, आणि ती पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. शंका घेणे हा शास्त्राचा धर्मच आहे. पण शंका घेऊन पुन्हा तपासणे वेगळे, आणि शंका घेऊन फाइल बंद करणे वेगळे. प्लॅटबाईंच्या वाट्याला बराच काळ हे दुसरेच आले.

१८९८ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. ज्या प्रांतात हे विद्यापीठ आहे, तेथे स्त्रियांना नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळू लागला तो १९०० मध्ये. म्हणजे वाट मोकळी होण्यापूर्वीच त्या ती चालून गेल्या होत्या. तेव्हा त्यांचे वय चाळीस पूर्ण झालेले होते. पदरी उत्तम निबंध होते, शार्कच्या भ्रूणातील शोध होता, दोन खंडांतील प्रयोगशाळांचा अनुभव होता. नव्हती ती नोकरी. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी विद्यापीठात जागा मिळविण्याची खटपट केली. १८९९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन ह्यांना त्यांनी पत्र लिहिले. कामावाचून जगण्यात अर्थ नाही, आणि हवे ते काम मिळत नसेल तर त्याखालोखाल जे उत्तम असेल ते हाती घ्यावे लागेल, असा त्या पत्राचा आशय होता. जागा मिळाली नाही. प्लॅटबाई त्यानंतर संशोधनाकडे कधीच परतल्या नाहीत.

येथे बहुतेक चरित्रे हळहळून थांबतात. ह्या चरित्राचा उत्तरार्ध मात्र येथूनच सुरू होतो. कारण पत्रात लिहिले ते प्लॅटबाईंनी शब्दशः करून दाखविले.

त्या पॅसिफिक ग्रोव्ह ह्या कॅलिफोर्नियातील समुद्रकाठच्या छोट्या गावी राहायला गेल्या. माँटरे उपसागराच्या कडेला वसलेले हे गाव. १८९२ पासून तेथे स्टॅनफर्डचे सागरी जीवशास्त्राचे केंद्र होते, ते पुढे हॉपकिन्स केंद्र म्हणून प्रसिद्धीस आले. प्रयोगशाळा अशी हाकेच्या अंतरावर, पण तिच्यात त्यांना जागा नाही! दुसरी कोणी असती तर रोज त्या इमारतीकडे पाहून कुढत बसली असती. प्लॅटबाईंनी गावाकडे पाहिले. लव्हर्स पॉइंट नावाच्या समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकावर त्यांनी स्वतःच्या हातांनी फुलझाडे लावली, बाग फुलविली. एक मुलगा दत्तक घेऊन वाढविला. गावच्या कारभारात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले. गावाचा कारभार कसा चालावा ह्याची जी नवी सनद १९२७ मध्ये आली, तिच्या घडणीतही त्यांचा वाटा होता.

त्यांच्या स्वभावाची ओळख पटावी अशी एक हकीकत त्या गावात अजून सांगतात. किनाऱ्यावर स्नानगृह चालविणाऱ्या मालकिणीने समुद्राकडे जाणारी वाट फाटक घालून अडविली आणि कुलूप ठोकले. समुद्र सर्वांचा, तेव्हा वाटही सर्वांची, असे प्लॅटबाईंचे म्हणणे. त्यांनी कानशीने कुलूप कापून काढले. पुन्हा कुलूप लागले, त्यांनी पुन्हा कापले. अखेर सत्तरी ओलांडलेल्या ह्या बाई कुऱ्हाड घेऊन गेल्या आणि त्यांनी फाटकच फोडून टाकले! वर तेथे एक फलक लावून कळविले, की ही वाट उघडीच राहिली पाहिजे, आणि नगरपालिकेतील व पोलिसांतील पुरुषमंडळी जरा बिचकत असल्यामुळे हे काम आपण केले आहे. खाली स्वतःचे नाव घातले. रात्री गुपचूप करायचे आणि दिवसा साळसूद राहायचे हे त्यांच्या रक्तात नव्हते.

१९३१ मध्ये त्या पॅसिफिक ग्रोव्हच्या महापौर झाल्या. त्या गावाच्या पहिल्या स्त्री महापौर. तेव्हा त्यांची त्र्याहत्तर वर्षे पूर्ण झालेली होती. आणि येथे त्यांच्या आयुष्यातील दोन तुटलेली टोके पुन्हा जुळली. शेजारच्या माँटरे गावात सार्डीन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची रांग उभी होती. उपसागरातून मासे अफाट काढले जात होते, आणि कारखान्यांची घाण पुन्हा त्याच पाण्यात जात होती. खडकांवरचे शिंपले, अॅबलोन, इतर जीव लोक ओरबाडून नेत होते. हे असेच चालले तर समुद्र रिकामा होईल, हे शास्त्र शिकलेल्या डोळ्यांना दिसत होते. प्लॅटबाईंनी राज्याच्या विधिमंडळाकडून आपल्या गावाच्या किनाऱ्यावर गावाचाच अधिकार मिळविला. सारा समुद्र त्या वाचवू शकत नव्हत्या. पण आपल्या अंगणापुढचा तेवढा तरी वाचवू, असे त्यांनी ठरविले. त्यांच्या कारकिर्दीत, १९३२ च्या सुमारास, गावाच्या किनाऱ्यालगत संरक्षित क्षेत्र झाले. हॉपकिन्स केंद्रासमोरचा पट्टाही त्यात आला. तेथील जीवांना संशोधकांखेरीज कोणी हात लावायचा नाही असा नियम झाला. ज्या केंद्रात त्यांना स्वतःला कधी जागा मिळाली नाही, त्याच केंद्रापुढचा समुद्र त्यांनी राखून दिला!

२८ मे १९३५ रोजी पॅसिफिक ग्रोव्ह येथे प्लॅटबाईंचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना समुद्रातच दफन करण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर काय झाले ते पाहणे आवश्यक आहे, कारण त्यांची दोन्ही कामे त्यांच्या माघारीच फळाला आली.

प्रथम समुद्राचे. १९४० च्या दशकाच्या शेवटी माँटरेतील सार्डीनचा धंदा कोसळला. मासेच उरले नाहीत तेव्हा कारखाने एकामागून एक बंद पडले. परंतु प्लॅटबाईंनी राखलेल्या पट्ट्यात जीवांचे बीज टिकून होते. फरच्या व्यापारासाठी मारून मारून संपली असे समजली गेलेली समुद्रातली पाणमांजरे १९३८ मध्ये त्याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे थोडीशी शिल्लक असल्याचे दिसून आले होते. १९६० च्या दशकात ती पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याला येऊन पोहोचली. ही पाणमांजरे काटेरी सी-अर्चिन खातात. हे अर्चिन केल्प नावाचे उंच समुद्री शेवाळ खाऊन फस्त करतात. अर्चिन कमी झाले, केल्पची दाट राने पुन्हा वाढली, आणि रानाच्या आश्रयाला मासे आले. १९८४ मध्ये जुन्या कारखान्यांच्याच रांगेत, हॉपकिन्स केंद्राला लागून, माँटरे बे मत्स्यालय उघडले. आज त्या किनाऱ्यावरील एका संरक्षित क्षेत्राच्या नावात लव्हर्स पॉइंटच्या जोडीला ज्युलिया प्लॅट हे नाव आहे.

आता शोधाचे. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही. १९२० च्या दशकात, प्लॅटबाई हयात असतानाच, काही संशोधकांनी सॅलॅमँडरच्या भ्रूणातील मज्जाशिखा कापून टाकून पाहिली. डोक्याच्या कूर्चेत उणीव राहिली. १९३१ मध्ये एका जातीच्या भ्रूणातील तुकडा दुसऱ्या जातीच्या भ्रूणात बसविण्याचे प्रयोग झाले. पुढे स्वीडनमध्ये हॉर्स्टाडियुस आणि सेलमन ह्यांनी १९४० च्या दशकात ह्या पेशींना रंग देऊन, काढून, जागा बदलून त्यांचा पाठपुरावा केला. १९५० मध्ये हॉर्स्टाडियुस ह्यांचा मज्जाशिखेवरचा ग्रंथ निघाला. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये निकोल ल द्वारँ ह्या विदुषींना असे आढळले, की लावा पक्ष्याच्या एका जातीच्या पेशींचे केंद्रक कोंबडीच्या केंद्रकापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली सहज वेगळे ओळखू येते. मग कोंबडीच्या भ्रूणात लाव्याची मज्जाशिखा बसवायची आणि लाव्याच्या पेशी कोठे कोठे पोहोचल्या ते शोधायचे. कल्पना तीच, पागोट्यावरून गाव ओळखण्याची. फक्त पीतकाच्या कणांऐवजी खूण केंद्रकाची. पक्ष्याच्या चेहऱ्यातील हाडे व कूर्चा मज्जाशिखेपासूनच होतात, हे त्यातून निर्विवाद दिसले. प्लॅटबाईंनी केवळ कापांवरून जे वाचले होते, ते खरे ठरले.

अलीकडचे शास्त्र तर आणखी खोल गेले आहे. पेशी चालते हे कळले. ती का चालते आणि कोठे थांबायचे हे तिला कोण सांगते? ह्याचे उत्तर जनुकांत आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच जनुकांचा ग्रंथ असतो. पण प्रत्येक पेशी तो सगळा वाचत नाही. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटायचे, ह्यावर ती पेशी कोण होणार हे ठरते. मज्जानलिकेच्या कडेला आजूबाजूच्या पेशींकडून रासायनिक निरोप येतात आणि तेथे पॅक्स-३ सारखी जनुके जागी होतात. ती पुढे स्नेल-२, फॉक्स-डी-३, सॉक्स-१० ह्यांना जागे करतात. एरवी पेशी शेजारणीला घट्ट धरून बसलेली असते. ही जनुके चालू झाली की तिची पकड सुटते, आकार बदलतो आणि ती निघते. १९९४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात, आज स्नेल-२ म्हणून ओळखले जाणारे जनुक दाबून पाहिले, तेव्हा ह्या पेशींना नीट बाहेर पडताच येईना. वाटेतही पाने उलटत राहतात. जी पेशी जबड्याची कूर्चा होणार तिच्यात सॉक्स-१० मावळते आणि सॉक्स-९ जोर धरते. जी मज्जातंतूंभोवतीची आधारपेशी होणार ती सॉक्स-१० चालूच ठेवते.

पेशींना आपल्या गावाची आठवणही असते. डोक्याच्या अगदी पुढच्या भागातून निघालेल्या पेशींत हॉक्स नावाची जनुके चालू नसतात. त्यांच्यापासून जबडा होतो. थोड्या मागच्या भागातून निघणाऱ्या पेशींत हॉक्स-ए-२ चालू असते. १९९३ मध्ये उंदरांतून हे एक जनुक काढून टाकले, तेव्हा मागच्या कमानीतील पेशींनी आपली हाडे घडवायचे सोडून पुढच्या कमानीतील हाडांची दुसरी प्रत काढली! प्लॅटबाईंच्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनी हे घडले.

हे सारे प्रयोगशाळेपुरते नाही. ह्या पेशींचा प्रवास चुकला, तर त्याचा भोग एखाद्या घरातील बाळाच्या वाट्याला येतो. आतड्याच्या शेवटापर्यंत मज्जाशिखेच्या पेशी पोहोचल्या नाहीत, तर तेथे मज्जातंतूच होत नाहीत. आतडे पुढे ढकलण्याचे काम करीत नाही, बाळाचे पोट फुगते, शस्त्रक्रिया करावी लागते. ह्याला हिर्शस्प्रुंग विकार म्हणतात. पॅक्स-३ किंवा सॉक्स-१० मध्ये दोष असला तर कपाळावर पांढऱ्या केसांची बट, दोन डोळ्यांचे दोन रंग, जन्मतः बहिरेपणा असे वार्डेनबुर्ग विकारात दिसते; कारण त्वचेला व केसांना रंग देणाऱ्या पेशीही ह्याच शिखेतून निघतात. आपल्याकडे अशा व्यंगासाठी आईला बोल लावतात, ग्रहण पाळले नाही म्हणतात. गर्भातील पेशींच्या वाटेवर काय घडते हे ज्याला कळले, तो असे बोलणार नाही. प्लॅटबाईंच्या शोधाचा हा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो.

प्लॅटबाईंचे आयुष्य यशस्वी म्हणावे की अयशस्वी? त्यांना प्राध्यापकाची खुर्ची मिळाली नाही. त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. त्या आणखी वीस वर्षे सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या असत्या तर काय काय शोधले असते, हे कोणाला सांगता येणार? ते नुकसान शास्त्राचे झाले, आणि पॅसिफिक ग्रोव्हच्या बागेने ते भरून निघाले असे म्हणणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे होईल. स्त्री आहे म्हणून दार बंद करणे चूकच होते आणि चूकच राहील.

तरीही एक गोष्ट उरते. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आम्हा मुलामुलींना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो, की शिकून नोकरी लागली नाही तर शिकल्याचा फायदा काय? पोटाचा प्रश्न खोटा नाही, आणि नोकरी हवीच. पण प्लॅटबाईंचे शिक्षण नोकरीबरोबर संपले नाही. भ्रूणाचे काप पाहताना जी नजर कमावली होती, तीच नजर घेऊन त्यांनी उपसागर पाहिला. जबड्याच्या कूर्चेविषयी बड्याबड्यांना न जुमानता जे दिसले ते लिहिले, त्याच ठामपणे फाटकावरच्या फलकाखाली नाव घातले. विद्यापीठाने जागा नाकारली. शिकलेले कोणाला परत घेता आले नाही.